फणसात अडकलेला अकेशिया: आधी ओढायचा, मग कापायचा

प्रश्न असा आला आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडच्या एका गावात बांधावरचा अकेशिया जुलैच्या वाऱ्यात मुळांसकट कलला, पण जमिनीवर आला नाही. शेजारच्या फणसाच्या बेचक्यात जाऊन बसला. झाड ४०-४५ फूट उंच, बुंध्याचा घेर चार फूट. खालून गोठ्याकडे जायची वाट आहे. झाडं पाडणारा एक कंत्राटदार ६ हजार मागतो. घरात १८ इंची पात्याचं नवं चेनसॉ मशीन आहे, मेव्हणा मदतीला यायला तयार आहे. विचारणाऱ्याचं म्हणणं, "मशीन आपलंच आहे, तर बुंध्याकडून दोन-दोन फुटांचे तुकडे करत झाड खाली आणलं तर चालेल का?"

चालणार नाही. आणि ते ६ हजार द्यायचे की नाहीत हेही कंत्राटदार एका प्रश्नाचं उत्तर काय देतो त्यावर ठरवा. तो प्रश्न शेवटी सांगतो. त्याआधी एक काम आजच करा: गोठ्याची वाट बंद करा. नुसतं "तिकडून जाऊ नका" असं सांगून भागत नाही, दोर बांधा, काटे टाका. म्हशी आठ दिवस दुसरीकडे बांधल्या तर काही बिघडत नाही.

तुम्ही लिहिलंय "झाड पडलंय". झाड पडलेलं नाही, पडता पडता थांबलंय. राहिलेलं पडणं अजून त्याच्या अंगात आहे, आणि ते कुठल्या क्षणी बाहेर पडेल हे तुमच्या मशीनच्या हातात नाही. जरा हिशेब करा. चार फूट घेर म्हणजे बुंध्याचा व्यास १५ इंच, ३८ सेंमी. वर निमुळतं होतं म्हणून सरासरी २८ सेंमी धरा, खोडाची लांबी १२ मीटर धरा. पाऊण घनमीटरला थोडं कमी लाकूड भरतं. ओलं लाकूड ढोबळमानाने घनमीटरला टनभर. म्हणजे नुसतं खोडच सात क्विंटलच्या वर. शेंडा, फांद्या आणि पानांवरचं पावसाचं पाणी वेगळं. एवढं वजन एका बाजूला अर्धवट उपटलेल्या मुळांवर आणि दुसऱ्या बाजूला फणसाच्या एका बेचक्यावर तोललेलं आहे. त्याच्या पोटाखाली उभं राहून तुम्ही मशीन चालू करणार म्हणता.

बुंध्याकडून तुकडे करत आणायची पद्धत आपल्याकडे सगळीकडे चालते. मीही पहिली पाच-सहा वर्षं तसंच केलं, कारण शिकवणाऱ्याने तसंच शिकवलं. करवतीच्या काळातला माणूस, त्याला हाताच्या कामाचा वेग माहीत होता. करवतीने काप पूर्ण व्हायला दहा मिनिटं लागायची, तेवढ्यात झाड कुरकुर करून चार वेळा सांगायचं. मशीन तो काप अर्ध्या मिनिटात संपवतं आणि त्याच्या आवाजात झाडाचं काही ऐकू येत नाही.

१५-१६ वर्षं झाली असतील, नंदगडच्या बाजूला एक निलगिरी जांभळीत अडकली होती. तीन तुकडे छान निघाले. तुकडा सुटायचा, खोड धप्पकन खाली बसायचं, शेंडा जांभळीत थोडा वर सरकायचा, झाड उभं होत जायचं. चौथ्या तुकड्याला खोड खाली बसलं आणि बसून थांबलं नाही. ओल्या तांबड्या मातीवर बुंधा घसरगुंडीसारखा मागे आला, थेट माझ्याकडे. मी मागे पळालो आणि मीच कापून टाकलेल्या तिसऱ्या तुकड्याला अडखळून पालथा पडलो. बुंध्याची कड माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या मधल्या चिखलात वीतभर रुतली. हातातलं मशीन पडताना चेन ब्रेक लागला म्हणून पाय शाबूत राहिले. गमबुटावर बोटभर लांबीची चीर पडली होती, ती संध्याकाळी बूट काढताना दिसली. त्या दिवसापासून अडकलेल्या झाडाचे मी बुंध्याकडून तुकडे केलेले नाहीत.

तेव्हा नेमकं काय झालं हे नंतर डोक्यात बसलं. प्रत्येक तुकड्यानिशी झाड जास्त उभं होतं. जास्त उभं झालं की बेचक्यातली पकड सैल होते, आणि मग ते पुढे, बाजूला की उलट तुमच्या अंगावर येणार, हे सांगता येत नाही. शिवाय प्रत्येक धक्क्याला वरच्या मोडक्या फांद्या हलतात, आणि त्या खाली उभ्या माणसाच्या डोक्यावरच येतात. अकेशियाची फांदी तर कडकड न करता मोडते. साग निदान आवाज तरी देतो.

आणखी दोन-तीन चुका सर्रास होतात, त्या एका दमात सांगून टाकतो. फणसच कापून दोन्ही एकदम पाडायचं, ही सगळ्यात वाईट. फणसावर आता दोन झाडांचा भार आहे, तो अर्ध्या कापातच उभा फाटेल. अडकलेल्या झाडावर दुसरं झाड पाडून त्याला खाली ढकलायचं, हेही नको. आणि पोराला वर चढवून फांद्या तोडायला लावायच्या, हे तर कोणी सुचवलं तर त्यालाच घरी पाठवा.

आता बघायचं काय ते. मी अशा कामाला गेलो की पहिला अर्धा तास मशीन गाडीतच ठेवतो. लोकांना वाटतं हा चहाची वाट बघतोय. झाडाभोवती फिरून तीन बाजूंनी वर बघायचं: शेंडा नेमका कशावर टेकलाय? जाड बेचक्यात पाचरीसारखा बसलाय, की दोन बारीक फांद्यांवर नुसता रेललाय? रेललेलं झाड वाऱ्याच्या एका झुळकीने येतं. बेचक्यात घट्ट बसलेलं ट्रॅक्टरलाही दाद देत नाही. मोडून वरच अडकलेल्या सुट्या फांद्या किती आहेत ते मोजा. खोड सरळ आहे की धनुष्यासारखं वाकलंय, वाकलं असेल तर कुठल्या बाजूला? खोडाला उभी चीर गेलीय का? उभी चीर असेल तर काप घेताना खोड चिरफाळून उसळी मारतं, ते काम घरच्या माणसाचं नाहीच.

आणि मुळं. याकडे कोणी बघत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पुष्कळ ठिकाणी वर हात-दोन हात माती आणि खाली जांभा. मुळं खोल जात नाहीत, आडवी पसरतात. माती भिजून लापशी झाली की वाऱ्याने झाड कलतं आणि मुळांची अख्खी थाळी मातीसकट उचलली जाते. मागे कमरेएवढा खड्डा, पुढे डोक्याएवढी मातीची भिंत. ही थाळी तशी उभी आहे ती खोडाच्या वजनाने. खोड कापून वेगळं केलंत की वजन गेलं, आणि थाळी सापळ्यासारखी परत खड्ड्यात बसू शकते. कधी लगेच बसते, कधी दोन दिवसांनी. त्या खड्ड्यात त्या वेळी काय असेल? पोरं लपाछपी खेळतात, कुत्री सावलीला बसतात. आमच्यातला एक जण काप चालू असताना मोबाईलला रेंज येते म्हणून थाळीच्या मागच्या ढिगावर जाऊन उभा राहिला होता. त्याला तिथून हाकलला आणि तासाभरात थाळी बसली. त्यानंतर तो दोन दिवस कामाला आला नाही, नुसता घरात बसून होता.

थाळी उलट्या बाजूला, म्हणजे कापणाऱ्याच्या अंगावरही येऊ शकते. म्हणून बुंधा मुळापाशी कापायचा नाही. पाच-सहा फूट खोड थाळीला ठेवूनच काप घ्यायचा. थाळी पुढे कललीच तर तो ठोकळा टेकूसारखा जमिनीला लागतो. लाकूड वाया जाईल म्हणून हे टाळू नका, ते नंतर काढता येतं. थाळी फारच डगमगत असेल तर मागच्या बाजूने दोराने किंवा चेन कप्पीने बांधून ठेवायची.

कापायच्या आधी दोन फोन. झाडाजवळून विजेची तार जात असेल, पंपाची लाईन का असेना, तर हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, १९१२ वर कळवा आणि लाईनमन येऊन लाईन बंद केल्याचं स्वतः सांगेपर्यंत झाडाला हातही लावू नका. "कालपासून करंट नाही" हे काही खरं नव्हे, करंट कधीही येतो. दुसरा फोन खानापूरला फॉरेस्टच्या रेंज ऑफिसला. कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि आपल्या मालकीच्या बांधावरचं झाडही त्यातून आपोआप सुटत नाही. वाऱ्याने पडलेल्या, जिवाला धोका असलेल्या झाडाला परवानगी मिळायला सहसा अडचण येत नाही, पण न विचारता कापून लाकूड टेम्पोत घातलं की पुढचा मनस्ताप लाकडाच्या किमतीपेक्षा मोठा असतो. जांबोटीकडे बऱ्याच जणांचा बांध आणि फॉरेस्टचा दगड यांत दहा पावलांचंही अंतर नसतं, तेव्हा झाड नक्की कुठल्या बाजूचं हेही बघून घ्या. फोटो काढून ठेवा, पडलेल्या अवस्थेतले, मुळं दिसतील असे.

आता ओढायचं कसं. अडकलेल्या झाडाचं खरं काम दोराचं आहे. बुंधा फणसापासून मागे ओढला की शेंडा आपोआप खाली सरकतो. तुमच्या झाडाची एक अडचण आहे: सरळ मागे ओढायला गेलं तर मुळांची थाळी आणि राखलेला ठोकळा आडवा येतो. म्हणून तिरकं ओढायचं, ज्या बाजूला मोकळं रान आहे तिकडे, थाळीला वळसा घालून.

हाताने दांडा मारून चालवायचा तारेचा विंच असतो, आमच्यात त्याला टिरफॉर म्हणतात. या कामाला तो ट्रॅक्टरपेक्षा चांगला. हळू ओढतो, हाताला ताण कळतो, थांबवला की थांबतो. पावसाळ्यात ट्रॅक्टर चिखलात रुततो, ड्रायव्हर चिडून गचके देतो आणि गचक्याने दोर तुटतो. तरीही ट्रॅक्टरच लावायचा असेल तर दोर मागच्या खालच्या हुकालाच अडकवा. वरच्या लिंकला किंवा त्याहून उंच कशाला बांधलात तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या अंगावर उलटा येतो. असे अपघात शेतात ओंडके ओढताना होतात, झाड पाडताना नव्हे, म्हणून कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

विंच ज्या झाडाला बांधाल ते जिवंत आणि जाड हवं, खोडाला पोती गुंडाळून मग पट्टा. विंच चालवणारा झाडाच्या उंचीपेक्षा लांब हवा. तुमचं झाड ४५ फूट, तर ५० फुटांच्या आत कोणी नाही, आणि बघ्यांनी दुप्पट अंतरावर, ९० फुटांपलीकडे. एवढा लांब दोर नसेल तर काम दुसऱ्या दिवशी करा. दोर कुठला? बाजारातला निळा प्लास्टिकचा नको, तो कडबा बांधायला. नायलॉन ताणला की रबरासारखा लांबतो आणि तुटला की चाबकासारखा परत येतो. तारेचा दोर असेल तर मधोमध ओलं पोतं टाकून ठेवा, तुटलाच तर टोक जमिनीवर येतं. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही आणि कप्पीने दोर वळवला असेल तर त्या कोनाच्या आतल्या बाजूला तर मुळीच नाही.

कापाबद्दल आता सांगतो, पण हे वाचून उद्या करून बघायचं म्हणून नव्हे. तुमच्यासमोर कंत्राटदाराचा माणूस काम करत असेल तेव्हा तो नीट करतोय की नाही हे तुम्हाला ओळखता यावं म्हणून. दोन टोकांना टेकलेलं खोड मधे खाली वाकू बघतं. म्हणजे वरची बाजू दाबात आणि खालची बाजू ताणात. दाबातल्या बाजूने खोल कापत गेलं की काप मिटतो आणि पातं चिमट्यात सापडतं. ताणातल्या बाजूने आधी कापलं की खोड खाडकन फाटतं. म्हणून आधी वरून घ्यायचं, थोडंच, काप मिटायला लागतोय असं दिसलं की थांबायचं. मग खालून वर. पण खालचा काप वरच्याच्या बरोबर खाली घ्यायचा नाही, दोन बोटं फणसाच्या बाजूला सरकवून घ्यायचा, आणि दोन्ही काप मधे एकमेकांना जेमतेम ओलांडतील इतकाच. असं केलं की मधलं लाकूड रेषांनी धरून राहतं. खोडाची वरची जीभ ठोकळ्याच्या खालच्या जिभेवर टेकून राहते. मग मशीन बंद करायचं, घेऊन बाहेर यायचं, सगळे लांब गेले की विंचने ओढून ती जोड फाडायची. झाड सुटतं तेव्हा त्याच्याजवळ कोणी नसतं.

दोर मात्र कापाच्या आधीच बुंध्याला बांधून ठेवायचा, सैलपणा काढून, पण न ताणता. उभं राहायचं ते ओढायच्या बाजूच्या विरुद्ध बाजूला. उतार असेल तर वरच्या अंगाला. मागे तिरकी पळवाट आधीच कोयत्याने साफ केलेली हवी, १५ फूट तरी. खोड बाजूला वाकलेलं असेल तर हे वर-खालीचं गणित बदलतं, ताण बाजूला जातो. म्हणूनच आधी ते फिरून बघणं.

बुंधा जमिनीवर आला तरी शेंडा वरच राहू शकतो. अशा वेळी परत तुकडे करायचा मोह होतो, कारण दोर सोडून पुन्हा बांधायचा कंटाळा येतो. दोर पुन्हा बांधा. दोनदा बांधून येत नसेल तर काम थांबवून मोठं मशीन बोलवा.

खाली आल्यावर तरी सोपं आहे असं वाटतं. फांद्यांनी जेवढं रक्त काढलंय तेवढं खोडांनी काढलेलं नाही. झाड खालच्या बाजूच्या फांद्यांवर पलंगासारखं टेकलेलं असतं. त्या पायांना आधी हात लावायचा नाही. वरच्या आणि बाजूच्या फांद्या आधी, बारीक तुकड्यांत. खोडाखाली एखादं रोप नाहीतर बांबू वाकून दाबला गेला असेल तर तो ताणलेला धनुष्य आहे. मधेच एका कापात तोडला की तोंडावर बसतो. त्याच्या वाकाच्या आतल्या बाजूने थोडं थोडं तासत न्यायचं, म्हणजे तो हळूहळू सैल होतो. ओंडके पाडताना काप मिटतोय असं वाटलं की लाकडाची किंवा प्लास्टिकची पाचर मारा. लोखंडाची मारू नका, चेन तिला लागली की दात गेले.

तुमच्या नव्या मशीनबद्दल. १८ इंची पात्याच्या टोकाचा वरचा पाव भाग हा सगळ्यात धोक्याचा. तो भाग लाकडाला लागला की मशीन एका झटक्यात वर आणि तुमच्या चेहऱ्याकडे उसळतं, डोळा मिटायच्या आत. पानांच्या ढिगात फांद्या तोडताना टोक दिसत नाही आणि ते नेमकं मागच्या फांदीला टेकतं. म्हणून डावा अंगठा पुढच्या मुठीभोवती पूर्ण वळवून धरा. अंगठा मुठीच्या वरून ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते, उसळी आली की हात सुटतो. खांद्याच्या वर मशीन कधीच न्यायचं नाही. चालू करताना जमिनीवर ठेवून, चेन ब्रेक लावून, पाय मागच्या मुठीत. हवेत झुलवत दोरी ओढायची स्टाईल व्हिडिओत छान दिसते, तेवढंच.

पेट्रोलमध्ये ऑइल किती ते मशीनच्या पुस्तकात बघा. ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. अंदाजाने ओतू नका. चेनच्या ऑइलची टाकी वेगळी असते, ती रिकामी राहिली की पातं निळं पडतं. चेन बोथट झाली की भुशाऐवजी पीठ पडायला लागतं. बोथट चेनवर जोर द्यावा लागतो, आणि जोर देणाऱ्याचा तोल गेलेला असतो.

लुंगी आणि पायताण घालून मशीन चालवणारे मी आजही बघतो. निदान गमबूट, हेल्मेट, डोळ्यांना जाळी, कानाला मफ. आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. माझ्या डाव्या कानाला आता भजनातली टाळ नीट ऐकू येत नाही, ते मफ न वापरल्याचंच फळ. चेनसॉसाठी मांडीवर बांधायची खास चॅप्स मिळतात. त्यांच्या आतले धागे चेनमध्ये गुंतून मशीन क्षणात बंद पाडतात. महाग वाटतात, पण डाव्या मांडीचे टाके ज्याने बघितलेत तो घासाघीस करत नाही. जवळ स्वच्छ कापडाच्या जाड घड्या आणि रुंद पट्टी ठेवा. रक्त आलं तर तिथेच जोरात दाबून धरायचं आणि १०८. शिवारात फोनला रेंज कुठे लागते ते काम सुरू करायच्या आधी बघून ठेवा.

मेव्हण्याबद्दल. तो मदतीला येतो म्हणजे नक्की काय करणार हे ठरलंय का? माझ्या अनुभवात मदतनीस दोन कारणांनी अडचणीत येतो: तो मशीनच्या फार जवळ उभा असतो, नाहीतर त्याचं बोलणं चुकीचं ऐकलं जातं. आपल्याकडे मराठी-कानडी मिसळून चालतं, त्यातली एक गंमत सांगतो, तेव्हा गंमत नव्हती. आमच्या टोळीत बैलहोंगलकडचा एक मुलगा होता. बुंधा हलायला लागला तसा तो ओरडला, "सरी!" त्याला म्हणायचं होतं बाजूला सरक. विंचवरच्या माणसाने ऐकलं "सरी", म्हणजे कानडीत ठीक आहे, चालू दे. त्याने आणखी दोन दांडे मारले. तोच शब्द, कानडीत दोन्ही अर्थ. कोणाला लागलं नाही, पण त्याच संध्याकाळी मी खानापुरात दोन शिट्ट्या विकत घेतल्या. आता एक लांब शिट्टी म्हणजे सगळं थांबवा, आणि ती कोणीही वाजवली तरी थांबायचं, अगदी चुकून वाजली तरी. मशीन चालू असताना कापणाऱ्याच्या पाच मीटरच्या आत कोणी नाही. पाठीमागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा नाही.

मग तुम्ही काय करायचं? फणसातून झाड खाली आणायचं काम द्या. जमिनीवर आडवं आल्यावर बारीक फांद्या आणि सरळ पडलेले ओंडके तुमच्या मशीनने तुम्ही करा, हात बसवायला ते चांगलं काम आहे. त्या बोलीवर पैसेही कमी होतात, नुसतं खाली आणून द्यायचे किती ते वेगळं विचारा. आणि कंत्राटदाराला विचारायचा तो प्रश्न: "ओढणार कुठून?" त्याने जागा बघितली, एखाद्या आंब्याकडे बोट दाखवलं, दोराची लांबी विचारली, तर माणूस कामाचा आहे, ६ हजार जास्त नाहीत. "ओढायचं कशाला ओ, दोन काप मारतो नि पाडतो," असं म्हणाला, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

वारा असेल त्या दिवशी कोणालाच काम करू देऊ नका. ठोकळ्यासकट राहिलेली थाळी त्याच दिवशी जेसीबीने खड्ड्यात बसवून घ्या किंवा आडवी करून टाका, उद्यावर ठेवू नका. फणसाची बेचक्यातली साल खरवडली असेल, एखादी फांदी फाटली असेल. फाटलेली फांदी तशीच लोंबत ठेवू नका, पाऊस उघडला की खालून थोडा काप देऊन मग वरून, साल न सोलता काढा, फणस फुटतो परत. त्याचा चीक चेनला असा चिकटतो की दुसऱ्या दिवशी ती फिरत नाही. काम संपलं की लगेच चेन काढून रॉकेलमध्ये टाका, ब्रशने घासा, आणि त्या चिकट चेनला हात लावायच्या आधी तळहाताला खोबरेल तेल लावलेलं असू द्या, नाहीतर जेवताना घास सुटत नाही बोटांना.